मायाक्काच्या नावाची शिष्यवृत्ती

मी, धम्मप्रिया यशपाल सर्वगोड, वय ५३ वर्षे, स्वेच्छानिवृत्त परिचारिका, अविवाहित, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके जागेवर आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकटा भाऊ धर्मपाल याने थोडा आणून पाहिला, ती हकिगत पुढे येईल.

१. वैरागची वडिलार्जित जमीन. यातील माझा हिस्सा मी पूर्वीच हक्कसोडपत्राने धर्मपालला दिला आहे. तो त्याचाच राहील.

२. स्कूटर. ही शेजारीण गुरम्मा बिराजदार यांना द्यावी. पंचेचाळिशीत मी ती शिकत होते तेव्हा गुरम्मा मागे बसून देवाचा धावा कन्नडमध्ये करीत आणि मला सूचना मराठीत देत. त्यांना या पत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. सही करता की स्कूटर घेता?" गुरम्मा म्हणाल्या, "स्कूटर."

३. राहते घर व बँकेतील ठेवी. ही दोन्ही माझ्या स्वकष्टाची आहेत. ती सोलापूरच्या विद्यापीठाकडे सोपवावीत आणि घराचे भाडे व ठेवींचे व्याज यातून दरवर्षी 'मायाक्का शिष्यवृत्ती' द्यावी. मायाक्का माझी नातेवाईक नव्हती, म्हणून ती कोण हे लिहून ठेवणे भाग आहे.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. जखमींना ट्रकमधून सोलापूरला आणले जात होते. मी रक्त द्यायला म्हणून रुग्णालयात गेले आणि दिवाळीपर्यंत तिथेच राबत राहिले. उमरग्याकडची मायाक्का त्या वॉर्डात होती. मेंढरे राखणारी बाई. घरातले सगळे गेले होते आणि पाय चिरडला होता. ती कोणाशी बोलत नसे, जेवत नसे. मी रोज तिचे केस विंचरत असे. एके दिवशी तिने मान वळवली.

"पोरी, तुला कालेज न्हाय व्हय?"

"हाय की. पण तुमी जेवल्याबिगर कशी जाऊ?"

"आन मग ते ताट हिकडं," ती म्हणाली.

पुढे ती कुबडी घेऊन उभी राहिली. पडली, परत उभी राहिली. स्वतःला चार पावले टाकता येऊ लागताच ती शेजारच्या खाटांवरच्या बायकांना उठवू लागली. "ऊठ गं बाय, माजा खांदा धर." आम्ही विनवण्या करूनही न उठलेल्या बायका तिचा खांदा धरून उठल्या. परिचारिका व्हायचे मी तिथे ठरवले.

इकडे हजेरी कमी भरली, गुण घसरले आणि माझी शिष्यवृत्ती बंद झाली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सेवा सुट्टीत करायची असते." बऱ्याच वर्षांनी हेच गृहस्थ खुब्याचे हाड मोडून माझ्या वॉर्डात आले. त्यांना पहिल्यांदा उभे करताना मी ओळख सांगितली. ते ओशाळले. म्हणाले, "तेव्हा नियमच तसा होता हो." मी म्हटले, "सर, नियम राहू द्या. डावा पाय पुढे टाका." ते चालत घरी गेले. त्यांच्यावरचा माझा राग मी याद्वारे रद्द करते. नियमावरचा राग मात्र या शिष्यवृत्तीच्या कामी लावावा.

४. अटी. विद्यार्थी पास असला की पुरे, एटीकेटीवाल्यांनीही अर्ज करावा. त्याने लोकांसाठी काही केलेले असावे आणि स्वतःला अवघड जाणारी एखादी गोष्ट जिद्दीने जमवलेली असावी. अडखळत बोलणाऱ्याने चारचौघांत भाषण केले, तर तेही पदकाइतकेच धरावे. झाडू हातात घेऊन काढलेले फोटो जोडू नयेत. ज्याच्यासाठी काम केले त्या माणसाला मुलाखतीला सोबत आणावे. बोलायचे त्याने, विद्यार्थ्याने गप्प बसायचे. तो मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू काहीही बोलो, दुभाष्या समितीने शोधावा.

५. धर्मपाल. हे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "आक्का, घरच्यास्नी सोडून परक्या पोरांना घर?"

"मायाक्का तरी कुटं आपली होती?" मी म्हटले.

तो चहा न घेता गेला. मला वाईट वाटले, कारण सख्खा म्हणावा असा तोच एक आहे. आठवड्याने तो मुलगी सृष्टी हिला घेऊन आला. सृष्टी कॉलेजात शिकते. "ही म्हणती आत्याचं बरोबर हाय. हिची आई बी तेच म्हणती. मी एकटाच पडलो," असे म्हणून तो बसला. मग चहा पिता पिता म्हणाला, "पण समितीत आपलं एक माणूस नको व्हय?"

त्याप्रमाणे सृष्टीला समितीची सदस्य नेमावे. त्यामुळे तिला स्वतः अर्ज करता येणार नाही. हे तिला मान्य आहे, तिच्या वडिलांना अजून पटायचे आहे. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी धर्मपाललाच नेमते.

६. हे सर्व लिहून झाल्यावर वकिलांनी समजावले की मृत्युपत्र माझ्या पश्चातच अमलात येते. हे ठाऊक होते, तरी ऐकून मन खट्टू झाले. म्हणजे ती माणसे येणार, बोलणार आणि ऐकायला मीच नसणार. म्हणून पहिली शिष्यवृत्ती येत्या जुलैतच माझ्या निवृत्तिवेतनातून द्यायचे ठरवले आहे. मुलाखती माझ्या अंगणात होतील. खुर्च्या धर्मपाल आणणार आहे. बाकीची कलमे सवडीने लागू व्हावीत, मला घाई नाही.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६

(सही) धम्मप्रिया यशपाल सर्वगोड

धम्मप्रियाताईंनी हे पत्र स्वतः मोठ्याने वाचून आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार:
१. (सही) धनाजी बिभीषण माने, सोलापूर
२. (सही) बसवेश चनमल्लप्पा कोरे, दुधनी