बशीतला चहा

भिसेगाव, कर्जत
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय सुरभी,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. तू मजेत असशीलच.

वाचनालयाच्या पडद्यावर तू केलेल्या चित्रपट्ट्या पाहिल्या. गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती, प्रत्येकीखाली सहा चित्रं. ज्या चित्रावर बोट ठेवाल तिथून मुलाखत सुरू. कल्पना वाईट नाही. पण तुझ्या काकांच्या सहा चित्रांपैकी चारांत मी त्यांची लाळ पुसते आहे. किळस आली मला. त्यांची नव्हे, तुझी.

तिथली ग्रंथपाल दीप्ती गहिवरून म्हणाली, "काकू, किती सेवा केलीत हो." मी म्हटलं, ही मुलाखत खोपोलीच्या वीजकेंद्रात जन्म घालवलेल्या माणसाची आहे, माझ्या नॅपकिनची नाही. काल भाजीवाल्या सुंदराने कोथिंबीर फुकट दिली. "लय हाल झालं गं बाय सायबांचं." तिने मुलाखतीतला एक शब्द ऐकलेला नाही, नुसती चित्रं पाहिली. मी कोथिंबीर परत केली.

फोनवर म्हणालीस, निवड संगणक करतो. चेहरा मोठा दिसेल, हालचाल होईल, ते चित्र उचलतो. संगणकाला कोणी काका नव्हते. तुला होते. तू एकदा तरी ती मुलाखत पूर्ण पाहिलीस?

मध्ये एक जागा आहे. डोंगरावरचं पाणी जाड नळांतून खाली वीजकेंद्रात कसं कोसळतं ते सांगताना त्यांना शब्द सापडेना. मग त्यांनी चहाची बशी उचलली आणि तिरकी केली. धार टेबलावरून थेट माझ्या मांडीवर. मी ओरडले, ते हसत सुटले. कॅमेरा तेव्हा बशीवर होता, म्हणून त्या चित्रात चेहरा नाही, फक्त हात. तुझ्या यंत्राला तो बिनकामाचा वाटला. एरवी चमचाही न धरता येणारा तो हात तेव्हा जरासुद्धा थरथरला नव्हता.

ते चित्र पट्टीत घाल. सगळ्यात पहिलं.

हे लोकांसाठी सांगत नाही. काका गेल्यापासून मी वाचनालयात जाते, मुलाखत लावते आणि माझा नॅपकिन दिसला की बंद करते. मला थेट त्या बशीपाशी जायचंय गं, मधलं काही न बघता.

बशी दिसेपर्यंत तुझ्याशी न बोलणारी,
मावशी