चिनी राउटर आणि माझं कवच

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
राउटर पुसताना उलटा केला. खाली बारीक अक्षरांत : मेड इन चायना. म्हणजे आठ महिने शत्रू आमच्या फळीवर बसून होता! हिरवा दिवा मिनिटाला ४२ वेळा लुकलुकतो. घरात कोणी मोबाइलला हात लावला नव्हता, तरीही. मग हा बोलतो कोणाशी?
बायकोला, साधनाला, दाखवलं. म्हणाली, "आपल्या घरातून काय नेणारेत, मेथीच्या भाजीची कृती?" देशाच्या सुरक्षेविषयी गावात ही जागरूकता.
संकल्प : आठवड्यात बंदोबस्त.

४ नोव्हेंबर
तेजस्विनीशी चर्चा. आमची मुलगी, गावाबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीवर ट्रेनी. कायम करायचं की नाही, ते डिसेंबरात ठरेल. म्हणाली, "आप्पा, सरकारला काळजी आहे ती मोबाइल टॉवरवरच्या मोठ्या चिनी यंत्रांची. घरचा राउटर अपडेट करा, पासवर्ड बदला, बास."
पासवर्ड १२३४५६७८ आहे. इतका सोपा, की कोणाला संशयच येणार नाही. बदलला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.२५
कवच तयार. जुन्या मोपेडची इग्निशन कॉइल, १२ व्होल्टची बॅटरी, २२ गेजच्या तांब्याच्या तारेचे १८४ वेढे. दोनदा मोजले. ठिणग्या सतत उडतात, त्यांच्या खरखरीत चोरून जाणारी माहिती बुडून जाते. कुठल्या पुस्तकात नाही. सत्तावीस वर्षं पंपांच्या मोटारी रिवायंड करतोय, गुरू कोणी नाही.
चालू करताच साधनाची मालिका अडकली. म्हणजे शत्रू अडकला.
शेजारचे गेणभाऊ आले. "दादाभाऊ, माझ्या रेडिओत बेडकं वरडाया लागली राव!" मी नुसता हसलो. गुप्तता.

८ नोव्हेंबर, शनिवार
तेजू चेहरा पाडून आली. गुरुवार दुपारपासून दुर्बिणीत गावाकडून जबर खरखर येतेय, आकाशातलं काही ऐकू येत नाही. उगम शोधायचं काम तिच्याकडे दिलंय, एकटीच्या जिवावरचं पहिलंच. नाही जमलं तर डिसेंबरात घरी.
उघड आहे. कवचामुळे बिथरलेल्या शत्रूनं पॉवर वाढवलीय. आता लेकीची नोकरी खाणार. तिला म्हटलं, घाबरू नको, तुझा बाप आहे.
उपाय : दुसरी कॉइल.

१० नोव्हेंबर, सोमवार
दोन कॉइल, ३६८ वेढे. तेजू म्हणते खरखर दुप्पट झाली. शत्रू हट्टी आहे.
तिनं विचारलं, आपल्या आळीत कोणाच्या मोटारीला स्पार्किंग आहे का? दुर्बिणीची माणसं हे नेहमी मलाच विचारतात. गावातलं स्पार्किंग आजवर मीच बंद करत आलोय. छातीठोकपणे सांगितलं : एकही ठिणगी नाही. तिनं विश्वासानं आमची आळी यादीतून खोडली. दोन दिवस आता नदीकडची शेतं पालथी घालणार.
तिसरी कॉइल आणायला आळेफाट्याला निघालो.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.४०
दुर्बिणीची गाडी आळीत. नदीकडे काही सापडलं नाही. तेजू पुढे, हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना, मागे तिचे साहेब. काटा गेणभाऊंच्या कांदाचाळीवरून फिरला आणि आमच्या दाराशी थांबला.
मीच स्वागत केलं. म्हटलं, बरोबर आलात, शत्रू आत फळीवर आहे.
साहेबांनी राउटर बंद केला. खरखर चालूच. मग तेजूनं, माझ्याकडे न बघता, तिन्ही कॉइलची बॅटरी सोडवली. साहेबांच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट झाली.
कुंपणापलीकडून गेणभाऊ : "तेजे, तू तर बापालाच धरलंस की गं!"
साहेब फार सभ्य. चहा घेतला. तेजूला म्हणाले, काम चोख. रिपोर्ट पूर्ण करून दे, कायम करायची शिफारस करतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
जेवण झाल्यावर तेजूनं रिपोर्टचा कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "आप्पा, एवढं तुम्हीच भरा. मला लिहवत नाही, आणि खोटं लिहिलं तर नोकरी जाईल."
उपकरण कोणत्या देशात बनलं : भारत.
बनवणारा : नाव लिहिलं, पूर्ण.
शेवटचा रकाना : बनवणाऱ्याचं शोधणाऱ्याशी नातं.
'वडील' लिहायला अकरा मिनिटं लागली.