अकरा खुर्च्यांची शाळा

ती. बाबा यांस,

जावयाचा नमस्कार. तुमचा गुडघा जिने चढू देतो का? इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे. या खेपेला ते खरंही आहे, त्यामुळे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं.

आमचं गादीचं दुकान आणि वरची राहती खोली जळाली त्याला आठ महिने झाले. (आग कशी लागली, असं तुम्ही विचारलं होतंत. कापसाला फार कारण लागत नाही.) धोब्याने त्याची मागची खोली दिली. बाकी गल्लीने ठरवलं की घरटी एक वस्तू द्यायची. कोण काय देणार, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आणि टाकवत नाही, पाहुण्यालाही देववत नाही अशी एक खुर्ची प्रत्येक घरात असतेच. आमच्याकडे अकरा खुर्च्या आल्या. पातेलं एकही नाही. धोबीण जेवण पाठवायची आणि आम्ही चौघं जण अकरा खुर्च्यांवर आलटून पालटून बसून जेवायचो.

दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग तोवर न्हाव्याच्या दुकानात, निम्मा उभ्याने, चालायचा. खुर्च्यांचं ऐकून तो आमच्याकडे आला. शिकवायला एक बाई येतात. वयाने आमच्या थोरलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. आम्ही सगळे त्यांना घाबरतो. तुमची मुलगी वर्गात नव्हती. ती मागे भाजी चिरायची. पण फळ्यावर गणित आलं की विळीचा आवाज थांबायचा, आणि तिसऱ्या दिवशी मागून उत्तर आलं. बाईंनी तिला पुढे बोलावलं. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून ती जमिनीवर बसली, ती आजतागायत. (मी माझी देऊ केली होती. एकदा.)

आता मुद्द्याचं. इस्पितळात चादरी-अभ्र्यांच्या भांडारात एक जागा आहे. तिचा हात शिवणात तयार आहे, पण दहावी लागते. तिथल्या मुख्य नर्सबाई यंदाच्या परीक्षेच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवणार आहेत, पुढे नाही. मी दुसऱ्याच्या कारखान्यात उशा भरतो, त्याही थंडीपुरत्या. धोब्याच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि सून याच खोलीत यायची आहे. धोबी तसं बोलत नाही. नुसता येऊन खिडकीचं माप घेऊन जातो.

मागच्या महिन्यात बाईंनी सराव परीक्षा घेतली. ज्याने त्याने आपापली खुर्ची कशी टिकली आहे ते पाहायला म्हणून सगळे देणगीदार खिडकीत जमले. थोड्या वेळाने शिंप्याच्या लक्षात आलं, की त्याच्या खुर्चीवरचा रिक्षावाला अडला आहे. आपल्या खुर्चीवरून माणूस नापास झाला तर चारचौघांत शोभा काय राहिली? त्याने हळूच उत्तर सांगितलं. मग सुताराने सांगितलं, मग दूधवाल्याने. मदत करायची एकदा सवय लागली की माणसाला आवरत नाही. पाण्याच्या टाकीच्या गणितावर खिडकीत मतभेद झाले. शेवटी धोबी वयाने मोठा, म्हणून त्याचं उत्तर सर्वानुमते ठरलं आणि आम्ही अकरा जणांनी ते उतरवलं. टाकी भरायला त्याच्या मते सहा दिवस लागत होते. बाईंनी अकराही पेपर बाजूला ठेवले. म्हणाल्या, "तुमच्यात एकी आहे. गणित नाही."

पास एकटी तुमची मुलगी झाली. ती कुणाच्याच खुर्चीवर नव्हती, त्यामुळे तिला कुणी काही सांगितलं नाही. शंभरात एक्याऐंशी. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिने पेपर घडी करून डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, "बाईंची बेरीज चुकली असेल."

प्रकृतीला जपा. गुडघ्याला शेक द्या.

आपला,
जावई

ता. क. – या पत्रात मागणी काही नाही. सहज लिहिलं.

ता. क. २ – सहज नाही. दहावीला थेट बसायचं तर सातवी पास असल्याचा शाळेचा दाखला लागतो. महिनाअखेर अर्ज बंद होतात. ती म्हणते, मी सातवीत नापास झाले, म्हणून तर बाबांनी शाळेतून काढलं. तिला यंदा पुन्हा सातवीलाच बसायचं आहे. त्यानंतर दहावी, म्हणजे ती जागा गेली. तिची शाळा तर कधीच बंद पडली, तिथून दाखला मिळायचा नाही.

ता. क. ३ – लग्न ठरवायला आलो तेव्हा तुम्ही ट्रंकेतून तो दाखला काढून मला दाखवला होता. सातवी उत्तीर्ण, प्रगती उत्तम. तुम्ही म्हणालात, आई अंथरुणाला खिळली, धाकटी तिघं, घरात कुणीतरी हवं होतं. नापास सांगितलं की शाळा सुटली म्हणून पोर रडत बसणार नाही. मला ते तेव्हा पटलं. नंतर माझ्याही दुकानात खोळी शिवायला कुणीतरी हवं होतं. अठरा वर्षं मीही सांगितलं नाही.

दाखला तिच्याच नावाने रजिस्टरने पाठवा. पाकीट ती माझ्यासमोर उघडेल. मी त्या दिवशी कामावर जाणार नाही.