मामांच्या फोटोला घातलेला हार

क्वीन्सटाउन, सिंगापूर

तीर्थरूप निशिकांतमामा यांस,

शिवांगीचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असेल. असायलाच हवी, कारण या महिन्यात तुमच्या तब्येतीची जितकी काळजी मी केली तितकी स्मितामामीनेही केली नसेल. गुडघा कसा आहे? मामी अजून वरच्या फळीवरचे डबे तुम्हालाच काढायला लावते का? मी इथे खुशाल आहे, वेळेवर जेवते आणि लाजेने अर्धी झाले आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही "बोला, सायबीणबाई" म्हणालात की माझ्या तोंडून पुढचं निघणार नाही.

आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी आवडीच्या विषयावर बोलतं. मी विषय घेतला, जुन्या काळचे बॉक्सिंगचे विजेते इतक्या वेळा का लढत? शंभर वर्षांपूर्वी काही जण वर्षाला वीस-पंचवीस लढती करत. आजचा विजेता दोन करतो. हे मी तुम्हाला आधी फोनवर विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "त्यात काय एवढं! टीव्ही नव्हता, मग माणूसच गावोगाव नेऊन दाखवायला लागायचा. दर वेळी किताब थोडाच पणाला? निम्म्या लढती म्हणजे सराव, फक्त लोक तिकीट काढून बघायचे. आणि घरी बसलेल्या बॉक्सरला जेवायला कोण घालतंय?" मला हे उत्तर फारच साधं वाटलं. (खरं लिहिते, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं वाटलं. घरातली पहिली पदवीधर असण्याचा हा आजार आहे आणि पुढच्या पदवीने तो बळावतो.) म्हणून मी ते गाळलं आणि त्याग, साधना, ध्येयनिष्ठा यांवर अठरा स्लाइड केल्या.

तो दिवस नेमका दसऱ्याचा. सकाळी ऑफिसात लॅपटॉपची पूजा केली, तर लिटल इंडियातून आणलेला झेंडूचा एक हार उरला. भाषणासाठी तुमचा फोटो टेबलावर आणून ठेवला होता. गोदी कामगारांची स्पर्धा जिंकल्यावरचा, ग्लोव्हज घातलेला, नाक नुकतंच वाकडं झालेलं. ग्लोव्हज ही तुमची हत्यारं, त्यांचीही पूजा व्हावी, एवढ्याच शुद्ध भावनेने मी हार फोटोला घातला. (आई तिथे असती तर कानाखाली आवाज काढला असता.)

भाषण रंगलं. शेवटी शेजारच्या टीममधल्या मे लिंगने विचारलं, इतकं लढून शरीराचं नुकसान होत नसे का? मी म्हणाले, "होत असे ना! माझ्या मामांनी एका वर्षात एकतीस लढती केल्या," आणि फोटोकडे हात केला. आमचे मॅनेजर श्रीनिवास सर पुण्याचे. त्यांनी हार पाहिला, चष्मा काढला आणि त्या हाराचा अर्थ शेजारच्यांना हलक्या आवाजात समजावला. "अय्यो, सो सॅड लाह," मे लिंग म्हणाली. सर उभे राहिले, मग सगळेच उभे राहिले. मामा, खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माझी अठरावी स्लाइड लोकांना पहिल्यांदाच पटलेली दिसत होती. मीही मान खाली घालून उभी राहिले. दोन मिनिटं. तुमच्याकडे तेव्हा साडेदहा वाजले होते, म्हणजे तुम्ही दापोलीच्या बाजारात वांगी निवडत असाल.

पुढे घसरतच गेले. सरांनी विचारलं, "कधी गेले?" मी म्हणाले, "मागच्या वर्षी." (मुंबई सोडून दापोलीला तुम्ही मागच्या वर्षीच गेलात, अशी मनाची समजूत घातली.) त्यांनी तुमच्या वर्षश्राद्धासाठी न मागता एक दिवसाची रजा दिली. ती मी घेतली, होडीने पुलाउ उबीन बेटावर गेले आणि दिवसभर सायकल फिरवली. तिथे नारळपाणी घेताना तुम्ही आठवलात. कॉलेजच्या प्रवेशासाठी पहाटेपासून रांगेत माझ्या जागी तुम्ही उभे होतात. तुमचं नाक बघून कारकुनाने खिडकी पाच मिनिटं आधी उघडली होती. त्या माणसाला मी एका स्लाइडसाठी मारलं.

पायांवर डोकं ठेवते. रागवा, पण बोलणं सोडू नका.

तुमची अपराधी भाची,
शिवांगी

ता. क. पुढच्या महिन्यात तुम्ही आणि मामी इथे येताय, त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पुन्हा दहा मिनिटं मागून घेतली आहेत. विषय तोच. या वेळी तुमचं उत्तर, तुमच्याच शब्दांत, टीव्ही आणि जेवणासकट सांगणार आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसाल का? एकटीने उभी राहिले तर पुन्हा साधनेवर घसरेन.

आणखी एक. हार मी दुसऱ्याच दिवशी काढला होता. पण श्रीनिवास सर दर गुरुवारी आठवणीने ताजा आणून घालतात. ते मनाने फार हळवे आहेत, तेव्हा आत शिरण्याआधी दाराशी जरा खाकरा.