ठोका नसलेला मेंढा

२६ सप्टेंबर

जिवंत आहे! सतरा नंबरचा मेंढा जिवंत आहे आणि त्याच्या छातीत हृदय नाही.

दुपारी डॉ. स्मृतींनी ते काढून स्टीलच्या ताटलीत ठेवलं. त्या जागी आमच्या इंजिनिअर हयवदनने बनवलेला पंप बसवला — मुठीएवढा, सतत फिरणारा. मी जनावरांची डॉक्टर. आजवर शेकडो छात्यांना नळी लावली असेल. आजही सवयीने लावली. ठोका नाही. नुसती गुणगुण, फ्रिजची असते तशी. तेवढ्यात मेंढ्याने डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. नाडी नाही आणि बघतोय! अंगावर काटा आला. देवबिव मी फारसं मानत नाही, पण आज हात जोडले. कोणाला, ते ठाऊक नाही.

२७ सप्टेंबर

उभा राहिला. चौघांनी धरून, पण राहिला. शेजारच्या कठड्याआड सोबतीला एक मेंढी ठेवली आहे — कळपातलं जनावर, एकटं पडलं की खंगतं.

२९ सप्टेंबर

खात नाही. रवंथ नाही. लसूणघास, अगसेचा म्हणजे हादग्याचा पाला, गूळ — सगळ्याला तोंड फिरवतो. पोटाला कान लावला तर आत सगळं गप्प. हृदयाशिवाय जगतोय, पण पोट बंद पडलं तर कारभार आटोपला. हयवदन सारखा पंपाचे आकडे दाखवतो, सगळं उत्तम म्हणतो. मी म्हटलं, अरे पंप उत्तम आहे, मेंढा नाही.

डॉ. स्मृतींनी स्पष्टच सांगितलं — परवापर्यंत खाल्लं नाही तर हाल करायचे नाहीत, झोपवायचं. मग हा पंप माणसाला बसवायची गोष्टही लांबली. त्यासाठी मेंढ्याने महिनाभर जगायला हवं. त्यानंतरही त्याला झोपवायचंच आहे, पंपामुळे आतल्या अवयवांचं काय झालं ते पाहायला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी वाटतं, जायचं तर जाऊ दे, पण असं उपाशी, मान टाकून नको.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज आमच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रत्येक कारखान्याच्या दारात कोहळा फुटला होता. आयुधपूजा! आणि आमचा हयवदन, जो मला चपला बदलल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाही, त्याने पंप चालवणाऱ्या बाहेरच्या पेटीला कुंकू लावून झेंडूचा हार घातला. पेटी मेंढ्याच्या कठड्यालाच टांगलेली. आम्हा मराठ्यांच्या घरी आज मेंढ्याला हार घालतात तो कापण्याआधी. सकाळीच सासरे तलवार पुसत बसले होते. हयवदनच्या घरात नवरात्रात कांदासुद्धा शिरत नाही, त्याला काय कळणार.

मी हात धुवायला वळते तोच अलार्म वाजला. वाटलं, वायर चावली! धावलो तर काय — पेटी तिरकी, हार अर्धा गायब, आणि मेंढा निवांत झेंडू चघळतोय! हयवदन पांढराफटक. वायर शाबूत होती. हार केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या सालीत गुंफलेला, दोऱ्यात नव्हे, म्हणून सोपही पोटात गेलं तरी चिंता नव्हती.

"अक्का, अजून आणू?" हयवदनने विचारलं.

"स्वल्प थांब," मी म्हटलं.

काही वेळाने मेंढ्याच्या गळ्यातून गोळा वर सरकताना दिसला आणि तो रवंथ करू लागला. मी त्याच्या बरगड्यांना कान लावून बसले. आत पंपाची गुणगुण, वर दाढांची करकर. एक अवयव आपण केला तर एवढा गाजावाजा. बाकीचं सगळं कोणी केलं? मला चक्क रडू आलं.

घरी मटण होतं. मी ताकभात खाल्ला.

९ ऑक्टोबर

हयवदनच्या खिशात हल्ली झेंडू असतात. नियमात बसत नाही. मी पाहिलेलंच नाही.

२२ ऑक्टोबर

आज मेंढ्याने मागून अशी ढुशी दिली की मी गवतात पडले! काय ती ताकद! ज्याचं हृदय मी ताटलीत पाहिलं, तो मला पाडतो. डॉ. स्मृती म्हणाल्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या छान आल्या आहेत, आता माणसासाठी परवानगी मागता येईल. आनंद झाला. खरंच झाला. त्याला झोपवायची तारीखही ठरली.

२७ ऑक्टोबर

औषध मी दिलं. मेंढ्याने मान माझ्या मांडीवर टाकली, श्वास थांबला. डोळ्याला बोट लावलं तरी पापणी हलली नाही. आजवर जनावर गेलं की हृदय आपणहून थांबायचं. या पंपाला थांबणं माहीतच नव्हतं. मेंढा गेला आणि हे हृदय फिरतच राहिलं. हयवदनने पेटीकडे हात नेला, मागे घेतला. "मला नाही जमत, अक्का."

बटण मी दाबलं.