पाचच्या गोळीसमोरची खूण

१२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळचे साडेनऊ

प्रिय बारके,

तू खुशाल असशील. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, डावा कान हवं तेवढंच ऐकतो, बाकी यंत्र चालू आहे. आमच्या इमारतीत लिफ्ट बसवली. बसवल्यापासून ती बंदच आहे आणि तिच्यावर ‘जपून वापरा’ अशी पाटी आहे. जगात मूर्खांची टंचाई कधी पडणार नाही एवढं नक्की.

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवलं असशील. मीही तेच केलं असतं. पण वाच. तक्रारीचं पत्र नाही. तक्रारीची पत्रं मी टंकलिखित पाठवते, तुला माहीतच आहे.

रक्तदाब वाढला म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरकडे गेले. हा पूर्वी माझ्याच वॉर्डात शिकाऊ होता. सलाइनची बाटली उलटी टांगायचा. आता टक्कल पडलंय आणि अक्कल वाटत सुटलाय. मला म्हणतो, “मॅडम, तुम्हाला राग फार येतो का?”

“मूर्ख प्रश्न विचारले की येतो.”

“रोज सकाळी एक काम करायचं. वहीत तीन गोष्टी लिहायच्या. कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात अशा. आणि प्रत्येक गोष्टीत माणूस हवा. हवा छान आहे, फुलं उमललीत, असलं काही चालणार नाही.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर औषध वाढवेन.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. या वयात मी आभार मानायची शिकवणी लावायची? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आभार मानायला रांगेत उभं करायचे. जी विसरेल तिला हातावर पट्टी. अजूनही कुणाला ‘आभारी आहे’ म्हणताना माझे हात आपोआप पाठीमागे जातात. तू त्या शाळेत गेली नाहीस. माझ्या फीवरच घराची कंबर मोडली होती म्हणून तुला कोपऱ्यावरच्या शाळेत घातलं. हेही मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

तर लिहायला लागले. पहिल्या आठवड्यातला नमुना बघ:

शेजारच्या गायिकेचा घसा बसला. तिचे आभार.

दादा येतो म्हणाला आणि आला नाही. त्याचे मनापासून आभार.

डॉक्टर रजेवर गेला. त्याचे विशेष आभार.

डॉक्टरला वही दाखवली. वाटलं, चिडेल. तो पोट धरून हसला. म्हणाला, “चालेल. माणूस आहे ना त्यात. लिहीत राहा.”

रोज तीन टोमणे शोधणं वाटतं तितकं सोपं नाही, बारके. महिनाभरात माझा साठा संपला. मी संपेन असं मला कधी वाटलं नव्हतं. मग झक मारत खऱ्या गोष्टी शोधाव्या लागल्या. एकदा दाराशी बसून पेपर वाचत होते. जिना पुसणारी बाई आली. प्रत्येक पायरीवर तिने बादली सरकवली, लोखंडावर नखं घासल्यासारखा आवाज. माझ्या दाराशी आली तेव्हा मात्र तिने बादली उचलली, हलकेच ठेवली, पुसलं, पुन्हा उचलली. मी विचारलं, “इथेच का उचलतेस?”

“तुम्हाला आवाज चालत नाही ना.”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच. एकदा दार उघडून ओरडला होतात.” आणि हसली. “सहा वर्षं झाली की त्याला.”

सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा, ती बाई भरलेली बादली उचलते आहे. त्या दिवशी वहीत मी एकच ओळ लिहिली. दुसरी आणि तिसरी सुचली नाही.

तेव्हापासून माझं बिनसलं. नजर तिकडेच जाऊ लागली. वाणी सामानाच्या पिशवीत अंडी वर ठेवतो. खालच्या मजल्यावरचा म्हातारा माझा पेपर भिजू नये म्हणून आत ढकलतो. मला वाटायचं, तो चोरून वाचतो. (वाचतोही. शब्दकोडं अर्धं सोडवतो, आणि चुकीचं.) माणसांनी माझ्याशी इतकी वर्षं बरं वागावं असं मी काहीच केलं नव्हतं, आणि ते वागत होते. याने रक्तदाब उतरतो असं टकल्याचं म्हणणं. उतरला. झोप मात्र उडाली.

दिवाळं निघालं ते वही संपल्यावर. नवी आणायला खाली उतरायचं म्हणजे गुडघ्यांची मनधरणी. आणि कोरं पान वाया घालवायचं नाही हे नन्सनी हाडात भिनवलेलं. ट्रंकेत एक अर्धी कोरी वही आहे हे मला माहीत होतं.

कुठली ते तुला कळलं असेल.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी आणलेली वही. वॉर्डात असते तशी ड्युटी बदलताना द्यायची. डावीकडे औषधांचे रकाने, उजवीकडे शेरे. तू सोमवार ते शनिवार, मी रविवार. वाटणीच बघ. तरी नियम माझे. तू म्हणाली होतीस, “ताई, आईच्या छातीवर बिल्लापण लावायचा का?” आई हसली होती. मी नव्हते हसले.

ती वही मी उलटी धरली आणि मागच्या पानापासून आभार लिहायला सुरुवात केली. पुढची बाजू बघायची नाही, असं स्वतःला बजावलं. वही निम्मी कोरी, म्हणजे बरेच दिवस निघतील.

पण रोज लिहिलं की रोज पान कमी होतं. शाळेतल्या पोरीलाही कळेल असं गणित. डिसेंबरअखेर माझ्या लक्षात आलं की मागून येणारी मी पुढून आलेल्या त्या शेवटच्या पानाकडे सरकते आहे. मग मी अक्षर बारीक केलं. मग एका पानावर दोन दिवस बसवले. मग समासात लिहिलं. माझ्यासारखी, जिने शिकाऊ नर्सांना समास सोडला नाही म्हणून उभं केलं, ती समासात मुंग्यांसारखी अक्षरं कोंबत होती. डॉक्टरने भिंग आणून वाचलं. “मॅडम, कागद स्वस्त आहे हो,” म्हणाला.

एखादीला त्या पानावर काय आहे हे ठाऊक नसतं, तर ती एवढी घाबरली असती का? तूच सांग.

गेल्या गुरुवारी कोरं पान उरलं नाही. मी वही सुलटी केली आणि पहिल्यापासून वाचली. रकाने नाही, शेरे वाचले. तुझे. नऊ वर्षांपूर्वी मी फक्त रकाने बघायचे, तू काय लिहितेस ते कधी धड वाचलं नाही. “ताईने काल आईचे केस धुतले, आई दिवसभर डोक्यावरून हात फिरवत होती.” “ताईने आणलेली उशी आईला फार आवडली.” “ताई रविवारी येते म्हणून मला बाजारात जाता येतं, बरं वाटतं.” हे तीन गोष्टींचं खूळ तुला कुठल्या टकल्याने शिकवलं नव्हतं. आणि तुझ्या प्रत्येक ओळीखाली लाल शाईत मी. “चादरीला सुरकुत्या.” “नखं वाढली आहेत.” “शेरे मुद्देसूद लिहावेत.”

शेवटी तो रविवार.

फिट येऊ नये म्हणून आईला सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच अशी गोळी होती. त्या रविवारी दोन्ही गोळ्यांसमोरच्या खुणा मी सकाळी आठलाच करून टाकल्या. आधी खूण, मग गोळी. वॉर्डात असं करताना एका मुलीला मी पकडलं होतं, तिला सगळ्यांसमोर रडवलं होतं आणि तिची बढती रोखली होती. घरात कोण बघतंय, म्हणून मीच केलं. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून तुला लवकर बोलावून घेतलं. डोकं दुखत नव्हतं. मैत्रिणींकडे पत्त्यांचा डाव होता. तू आलीस आणि मी पर्स उचलून निघाले. गोळी राहिली.

तुझा शेरा इथे उतरवते, म्हणजे मी वाचलाय याची तुला खात्री पटेल. “आई म्हणते गोळी राहिली. पाचसमोर खूण आहे. ताईला फोन केला, ती कामात असेल, उचलला नाही. ताईची खूण चुकत नाही. दुसरी दिली तर जास्त होईल म्हणून देत नाही.”

फोन वाजलेला मी पाहिला होता. हातात पानं चांगली आली होती.

सोमवारी सकाळी सहाला आईला फिट आली. पुढचं तू जवळून पाहिलंस. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मग तिसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत सगळे बसले असताना मी गोळ्यांची पट्टी वर धरली. मामा, दादा, वहिनी, सगळे होते. मी म्हणाले, “एक गोळी जास्त उरली आहे. खुणा सगळ्या आहेत. म्हणजे कुणीतरी न देताच खूण केली.” आणि तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, “ताई, मी वहीत लिहिलंय. एकदा वाच ना.” मी म्हणाले, “तुझ्या गप्पा वाचायला मला वेळ नाही.” आणि वही पर्समध्ये घातली. दादाने विचारलं, “तू किती वाजता गेलीस गं?”

“साडेचारला,” मी म्हणाले.

सहा महिने मी स्वतःला पटवत होते की साडेचारच असतील. पुढे पटवावं लागेनासं झालं. पण त्या क्षणी, बारके, तोंडातून तो आकडा बाहेर पडताना मला ठाऊक होतं की मी पाच वाजून दहा मिनिटांनी जिना उतरले होते. तुलाही ठाऊक होतं. दार तूच लावलं होतंस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प बसलीस. त्या गप्प बसण्याचा मला नऊ वर्षं राग येत होता. काय म्हणावं माझ्या रागाला.

म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे तुझं पोटापाण्याचं काम. मामींसाठी मामा तुलाच बोलावणार होते. माझा शब्द मध्ये आला. मग एकेक घर सुटलं आणि तू शिंप्याच्या दुकानात काजं करायला बसलीस हे मला वहिनीकडून कळलं. मी म्हणाले होते, “तिच्या हाताला तेच बरं.”

शुक्रवारी मी मामांना आणि दादा-वहिनींना पत्रं टाकली. सगळं लिहिलं, पत्त्यांच्या डावासकट. तुला आधी लिहिलं असतं तर तू मला थांबवलं असतंस म्हणून त्यांना आधी. काल दादाचा फोन आला.

“आता कशाला उकरून काढलंस गं? बारकी काही म्हणाली का?”

“ती नऊ वर्षांत एक शब्द बोलली नाही.”

“मग झालं तर! मिटलं होतं ना?”

“तुझं मिटलं होतं,” म्हणून मी फोन ठेवला. मागून वहिनीचा आवाज येत होता, “मी तेव्हाच म्हणत होते.” ती तेव्हा काहीच म्हणत नव्हती. पण आता तिला म्हणू दे, आपल्या कामाचं आहे. मामा फोनवर नीट ऐकत नाहीत, त्यांच्याकडे मी बुधवारी जाणार आहे. जिना चढवेल तसा चढेन.

माफ कर असं मी लिहिणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये जाळीआड बसलेल्या फादरला गुडघे टेकून पाप सांगितलं की मोकळं होता यायचं. ती सवय वाईट. तुला माफ करायचं आणखी एक काम मी लावून देऊ नये. उत्तर नाही आलं तरी टपालखात्याला मी दोष देणार नाही, एवढं वचन देते. माझ्यासाठी ते मोठं आहे.

वही या पत्राबरोबर रजिस्टर टपालाने पाठवते आहे. मागची पानं माझी आहेत, फाडून टाकलीस तरी चालतील. पुढची तुझी आहेत, ज्याला दाखवायची त्याला दाखव.

हॉस्पिटलात चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत, शाईने गिरवत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं, तारीख घालायची आणि खाली सही करायची. मी शेकडो मुलींना हे शिकवलं. काल दुपारी त्या पानावर पाचच्या खुणेवर मी रेघ मारली. शेजारी लिहिलं: “गोळी दिलेली नाही. वेळ ५.१०.” तारीख घातली. सही करायला तीनदा पेन उचललं. अक्षर माझं वाटत नाही, पण सही माझीच आहे.

ताई म्हणून खाली नाव घालायचा धीर होत नाही. म्हणून,

त्या रविवारी ड्युटीवर असलेली