थांबणाऱ्यांची मोजदाद

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि वरच्या मजल्यावरचे गाणं शिकणारे गृहस्थ हे तिघेही एव्हाना ताळ्यावर आले असतील अशी आशा आहे. इकडे आई ठणठणीत. आणि मी, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, सध्या ऑफिसात गाजतो आहे.

आमच्या रस्ते विभागात रस्ता चांगला की वाईट, हे त्यावरून गाड्या किती वेगाने पळतात त्यावर ठरतं. या हिशोबाने शहराबाहेरचा बायपास, जिथे कुत्रंसुद्धा उभं राहत नाही, दर वर्षी पहिला येतो आणि आपल्या घरासमोरचा रस्ता दर वर्षी नापास होतो. यंदा साहेबांनी उपाय काढला, की आपला फुटपाथ अर्धा कापायचा. म्हणजे आई रोज संध्याकाळी काठी टेकत मैत्रिणीकडे जाते, ते बंद. माझं डोकंच फिरलं. भर बैठकीत म्हणालो, गाडी किती पळते ते मोजण्यापेक्षा माणूस किती निवांत वावरतो ते मोजा. साहेब म्हणाले, मग तुम्हीच मोजून आणा. (बैठकीत जो तोंड उघडतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही माझ्या लक्षात राहत नाही.)

आधी ठरवलं, रस्ता ओलांडताना किती घाई करावी लागते ते बघू. म्हणून मीच इकडून तिकडे, तिकडून इकडे सावकाश ये-जा करत राहिलो. थोड्या वेळाने वाहतूक पोलिसाने हात धरून मला सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि फार मायेने विचारलं, घरचं कोणी सोबत आहे का. मी ओळखपत्र दाखवल्यावर त्याला माझी जास्तच काळजी वाटू लागली.

मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची फुटपाथवर टाकून बसलो. जिथे काम नसताना माणसं थांबतात तो रस्ता चांगला, हे माझं नवं मोजमाप. आणि ताई, काय माणसं थांबली! न्हावी कात्री हातात घेऊनच बाहेर आला. औषधवाल्याने तुंबलेल्या गटाराची तक्रार केली. एकाने खुर्चीची किंमत विचारली. दोन बायका मी कोणावर पाळत ठेवतोय ते बघायला थांबल्या आणि एकमेकींच्या सुनांवर बोलत राहिल्या. मी सगळ्यांची नोंद केली. आपला रस्ता शहरात पहिला, बायपास शेवटचा. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि फुटपाथची कापाकापी तूर्त थांबवली. अभिमानाने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आईचं म्हणणं, "अरे, ती माणसं रस्त्यासाठी नाही, तुला बघायला थांबली होती." पण कशासाठी थांबली याचा रकानाच नव्हता, त्याला मी काय करणार?

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. : फुटपाथचा शेवटचा निर्णय घेणारी समिती शुक्रवारी स्वतः पाहणीला येते आहे. खुर्ची ठेवू नका अशी सक्त ताकीद आहे. तेव्हा गुरुवारीच तू, भावोजी, त्यांचे दोघे भाऊ आणि एकदा सुरू झाली की न थांबणारी तुझी जाऊ, असे सगळे या. फक्त फुटपाथवर उभं राहून बोलायचं आहे. समिती जवळ आली की जरा हसायचं.

पुन्हा ता. क. : आईने आत्ताच हे वाचलं. म्हणाली, माणसं गोळा करू नकोस, समितीला संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला लाव. मी म्हटलं, मैत्रिणीकडे समिती कशाला? तेव्हा कळलं, मैत्रीण केव्हाच मुलीकडे कायमची राहायला गेली. आई तरी रोज तेवढं चालून येते. वाटेत चार जण थांबून विचारपूस करतात, म्हणे, तेवढ्यासाठी जाते. मी बसलो ते ऑफिसच्या वेळात, त्यामुळे हे माझ्या मोजणीत आलंच नाही. आता समिती आईच्या हवाली करतो आहे. तू मात्र ये. जाऊबाईंना आणलं नाहीस तरी चालेल.